चार खंडांची मालिका, एका खंडाची कादंबरी

आर्थर सी. क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ ही कादंबरी 1973 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यापुढचे तीन खंड 1989, 1991 आणि 1993 मध्ये आले. हे चारही खंड मी नुकतेच ओळीने पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात पुढच्या तीन खंडांनी माझी जी निराशा केली होती, तिच्यात माझ्या त्या वेळच्या अधीरतेचा वाटा किती आणि पुस्तकांचा किती, हे मला तपासून पाहायचे होते. निराशा कायम राहिली, पण तिचे कारण आता अधिक स्पष्ट दिसते, आणि इतर काही गाजलेल्या मालिका आठवल्यावर असे वाटते की ते कारण या एका मालिकेपुरते नाही. म्हणून हे परीक्षण प्रामुख्याने ‘रामा’चे असले तरी त्यात इतर मालिकांचाही विचार येईल. कथानकातल्या महत्त्वाच्या घटना मी शेवटासकट सांगणार आहे; ज्यांना पहिला खंड कोऱ्या मनाने वाचायचा आहे, त्यांनी तो आधी वाचावा.

2131 साली सूर्यमालेत एक अनोळखी वस्तू शिरते. ग्रीक आणि रोमन पुराणांतली नावे वापरून संपलेली असल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांच्या नावांकडे वळलेले असतात, म्हणून तिला ‘रामा’ हे नाव मिळते. हा लघुग्रह नसून कोणीतरी घडवलेला दंडगोल आहे, हे लवकरच कळते: लांबी 50 किलोमीटर, व्यास 20 किलोमीटर, आणि स्वतःभोवतीची एक फेरी चार मिनिटांत पूर्ण. त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकेल असे एकच यान असते, ‘एंडेव्हर’. कमांडर नॉर्टन आणि त्यांचे सहकारी आत उतरतात तेव्हा आत काळोख असतो, आणि रामा सूर्याच्या फार जवळ जाण्यापूर्वी शोध आटोपायला त्यांच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात.

यानंतरची दीडशे-दोनशे पाने मी विज्ञानकथेतल्या उत्तम पानांमध्ये मोजतो. हजारो पायऱ्यांचा जिना उतरताना शरीराचे वजन हळूहळू वाढत जाते, कारण दंडगोलाच्या अक्षापासून दूर जावे तसा फिरण्यामुळे निर्माण होणारा भार वाढतो. ही गोष्ट क्लार्क भौतिकशास्त्राच्या शिक्षकाप्रमाणे समजावत नाहीत, तर उतरणाऱ्याच्या पायांतून आणि धापेतून जाणवू देतात. दंडगोलाच्या मध्याला कड्यासारखा वेढा घालणारा गोठलेला समुद्र वितळणार आणि तापलेली हवा वर चढू लागली की आत वादळ होणार, हे आधी गणिताने कळते आणि मग प्रत्यक्ष घडते. अचानक सगळीकडे उजेड होतो तेव्हा वर पाहिले तरी आकाशाऐवजी जमीनच दिसते. जिमी पाक नावाचा तरुण आपल्या हलक्या, पायांनी चालवायच्या विमानातून समुद्रापलीकडे जातो, तिथे कोसळतो, आणि परत येण्याची आशा मावळलेली असताना त्याला एकच एक फूल दिसते. ते फूल तिथे का आहे, कोणी लावले, कोणासाठी लावले, याविषयी पुस्तक शेवटपर्यंत काहीही सांगत नाही. एका इमारतीत एक पोशाख सापडतो, तो तीन हातांच्या जिवासाठी असावा असे वाटते. निर्मात्यांच्या शरीराविषयी आपल्याला मिळणारा सर्वांत जवळचा धागा एवढाच. बुध ग्रहावरच्या वसाहतीने भीतीपोटी धाडलेले क्षेपणास्त्र निकामी केले जाते, माणसे बाहेर पडतात, रामा सूर्याजवळ ऊर्जा भरून घेतो आणि मोठा मॅगेलॅनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेच्या दिशेने निघून जातो. माणसांची त्याने दखलसुद्धा घेतलेली नसते.

या कादंबरीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो की तिची पात्रे पातळ आहेत. आक्षेप खरा आहे. नॉर्टन कर्तव्यदक्ष आहे, समंजस आहे, आणि त्यापलीकडे त्याच्याविषयी लक्षात राहावे असे थोडेच आहे. पण या पुस्तकात पात्रांनी पातळ असणेच योग्य आहे असे मला वाटते, कारण इथला खरा नायक ते यान आहे, आणि माणसे त्याच्यावर पडणाऱ्या विजेरीच्या झोतासारखी आहेत. आपल्याविषयी पूर्ण उदासीन असलेल्या एका प्रचंड गोष्टीसमोर माणूस कसा वागतो, हा कादंबरीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तिच्यात पूर्णपणे दिलेले आहे: काही जण कुतूहलाने वागतात, काही भीतीने, आणि शेवटी सगळ्यांना मागे राहावे लागते. रामा कोणी बांधला हा या कादंबरीचा प्रश्नच नाही. तो पात्रांना पडतो आणि वाचकालाही पडतो, पण कादंबरी उभी आहे ती त्याच्या अनुत्तरित राहण्यावर.

शेवटच्या वाक्यात एका शास्त्रज्ञाला जाणवते की रामाचे निर्माते प्रत्येक गोष्ट तीन-तीन करतात. अनेक वाचकांनी ही पुढच्या भागांची घोषणा मानली. क्लार्क यांनी नंतर सांगितले आहे की हे वाक्य त्यांना अखेरचा हात फिरवताना सुचले आणि ते लिहिताना पुढचा भाग त्यांच्या मनात नव्हता. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण ते वाक्य जसे आहे तसेच पुरेसे आहे: अजून दोन याने कधीतरी येतील या कल्पनेचा जो थरार मनात उरतो, तो ती याने प्रत्यक्ष आल्यावर टिकणारा नव्हता.

1989 चा ‘रामा टू’ आणि त्यापुढचे दोन्ही खंड क्लार्क आणि जेंट्री ली या दोघांच्या नावावर आहेत. ली हे अंतराळमोहिमांवर काम केलेले नामवंत अभियंते, त्यामुळे यंत्रांच्या तपशिलात पुस्तके कुठे कमी पडतील अशी भीती नव्हती, आणि तिथे ती कमी पडतही नाहीत. पण दुसऱ्या रामाच्या आत वाचकाचे पाऊल पडण्यापूर्वी कितीतरी पाने खर्च होतात: पृथ्वीवरचा आर्थिक कोसळ, बारा अंतराळवीरांची निवड, त्यांची प्रेमप्रकरणे, एका वार्ताहर स्त्रीची कारस्थाने, नायिका निकोल हिला इंग्लंडच्या राजपुत्रापासून झालेली मुलगी. यातली निकोल हे पात्र पहिल्या खंडातल्या कोणाहीपेक्षा भरीव आहे, हे प्रांजळपणे सांगायला हवे. तिच्याविषयी स्वतंत्र कादंबरी असती तर मी ती आवडीने वाचली असती. इथे मात्र तिचे आयुष्य आणि ते यान यांचा एकमेकांशी संबंध शिवणीने जोडल्यासारखा वाटतो, आणि ती शिवण दर काही पानांनी उसवते.

तिसरा खंड, ‘द गार्डन ऑफ रामा’, मला सर्वांत जड गेला. यानात अडकलेली तीन माणसे वर्षानुवर्षे आतच राहतात, निकोलला मुले होतात, हे सगळे आपण तिच्या रोजनिशीतून वाचतो. पुढे दोन हजार माणसांची एक वसाहत यानात वसवली जाते, तिथे जुगार आणि वेश्याव्यवसाय चालवणारा नाकामुरा सत्ता बळकावतो, शेजारच्या परग्रहवासीयांवर युद्ध लादले जाते, आणि खंड संपतो तेव्हा निकोल मृत्युदंडाची वाट पाहत कोठडीत बसलेली असते. माणूस कुठेही गेला तरी आपला हिंस्रपणा बरोबर नेतो, हे सांगण्याचा लेखकांचा हेतू मला कळतो आणि तो क्षुद्र नाही. तरीही हे कथानक एखाद्या बेटावर किंवा खाणीच्या गावात घडले असते तर त्यात फारसा फरक पडला नसता, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी हीच आहे. ज्या यानाने पहिल्या खंडात माणसांच्या प्रत्येक पावलाचे नियम ठरवले, ते इथे पडद्यावर रंगवलेली पार्श्वभूमी होऊन राहते.

‘रामा रिव्हील्ड’ हा चौथा खंड आपल्या नावाला जागतो आणि सगळे उलगडतो. ही याने अंतराळात पोहोचलेल्या जीवसृष्टींची नोंद करण्यासाठी फिरत असतात. ती नोंद एका निर्मात्यासाठी असते, जो पूर्ण सुसंवाद असलेले विश्व साधावे म्हणून विश्वांवर विश्वे निर्माण करून पाहतो आहे. हे उत्तर मी श्रद्धेच्या किंवा अश्रद्धेच्या कारणाने नाकारत नाही. माझा आक्षेप त्याच्या आकारावर आहे. पहिल्या खंडातले रहस्य आपल्या कल्पनेपेक्षा मोठे होते आणि मोठेच राहिले. चौथ्या खंडातले उत्तर आपल्या जुन्या, ओळखीच्या कल्पनेत सहज बसते. जिमी पाकचे फूल ज्याने वाचले आहे, त्याला हा खुलासा ऐकून काही मिळाल्यापेक्षा काही हरवल्यासारखेच वाटते. चौथ्या खंडातला अष्टपाद जिवांचा समाज, त्यांची रंगांच्या पट्ट्यांची भाषा आणि त्यांच्या नगरीची वर्णने हा मात्र खरोखर चांगला भाग आहे, आणि तेवढ्यासाठी कोणी हा खंड चाळला तर मी त्याला अडवणार नाही.

या घसरणीचा दोष सहलेखकावर ढकलण्याची वाचकांमध्ये सवय आहे आणि ती मला न्याय्य वाटत नाही. क्लार्क यांनी एकट्याने लिहिलेल्या दुसऱ्या मालिकेतही हेच घडले. 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’ या कादंबरीतली परग्रहवासीयांची काळी शिळा अगम्य होती. 1982, 1987 आणि 1997 या वर्षी आलेल्या पुढच्या तीन पुस्तकांत ती टप्प्याटप्प्याने समजण्याजोगी होत गेली, आणि ‘3001’ मध्ये तर माणसे तिला संगणकी विषाणू घालून निकामी करतात. जिच्याकडे पाहून आपला श्वास अडखळला होता, ती शेवटी बिघडवता येणारे एक यंत्र निघते. तेव्हा प्रश्न लेखणी कोणाची आहे हा नाही. अनुत्तरित राहण्यावर उभ्या असलेल्या पुस्तकाला उत्तर जोडले की त्याच्या पायाचाच दगड निघतो, मग तो कोणीही काढो.

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मध्ये पायाचा दगड वेगळा होता, पण तोही असाच निघाला. मूळ तीन पुस्तके 1951 ते 1953 या काळात आली आणि ती प्रामुख्याने 1942 ते 1950 दरम्यान मासिकात छापलेल्या कथांची बनलेली आहेत. माणसांच्या प्रचंड समूहाचे भविष्य गणिताने सांगता येते, एकट्या माणसाचे येत नाही, ही त्यांची कल्पना. आकाशगंगेतले साम्राज्य कोसळल्यावर येणारा तीस हजार वर्षांचा अंधारकाळ एक हजार वर्षांवर आणण्याची, हे गणित मांडणाऱ्या हॅरी सेल्डनची योजना त्या कल्पनेवर उभी आहे. प्रत्येक कथा काही दशके ओलांडते, जुनी माणसे जातात, नवी येतात, आणि इतिहास हेच पात्र होते. प्रकाशकाच्या आग्रहावरून असिमोव्ह जवळजवळ तीस वर्षांनी या जगाकडे परतले. 1982 च्या ‘फाउंडेशन्स एज’ला विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि ती खपाच्या यादीतही चढली, त्यामुळे तिला अपयशी म्हणणे धाडसाचे आहे. पण तिच्या शेवटी सेल्डनची योजना बाजूला पडते आणि आकाशगंगेचे भवितव्य एकाच माणसाच्या अंतःप्रेरणेवर सोपवले जाते. ज्या मालिकेने एकट्या माणसाला इतिहासात जवळपास स्थान नाकारले होते, तिने अखेरीस सगळा इतिहास एकट्या माणसाच्या हाती द्यावा, याचे मला आजही वाईट वाटते. 1986 च्या पुढच्या पुस्तकात तो माणूस आपण असा निर्णय का घेतला हे शोधत ग्रहामागून ग्रह हिंडतो. त्यापुढे कथा गेलीच नाही. नंतरची दोन पुस्तके सेल्डनच्या आयुष्यात मागे जातात.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा आजार अगदी निराळा आहे, आणि त्याला मी बरा होणारा आजार म्हणेन. 1990 मध्ये सुरू झालेली ही मालिका चौदा खंडांची झाली. पहिल्या काही खंडांत मोजकी पात्रे एका गावातून निघतात आणि जग त्यांच्याबरोबर मोठे होत जाते. पुढे प्रत्येक उपकथानकाला स्वतःची पात्रे, त्या पात्रांना स्वतःची दालने, सेविका आणि वैरी मिळत जातात, आणि सगळ्यांची एकेक फेरी घेण्यातच खंड संपतो. 2003 मधला दहावा खंड हा त्याचा कळस आहे: नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्या खंडाचा मोठा भाग ती घटना कोणाला कुठून जाणवली हे सांगण्यात जातो. अपहरण झालेल्या पत्नीच्या शोधात निघालेला पेरिन इतके खंड फिरत राहतो की वाचकाला त्याच्याविषयी वाटणारी कणव संपून कंटाळा येतो. तरीही मी या मालिकेची शिफारस करतो, कारण जॉर्डन यांना कुठे पोहोचायचे आहे हे ठाऊक होते. 2005 चा अकरावा खंड पुन्हा वेग घेतो. 2007 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडुगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली, आणि जॉर्डन यांनी ठेवलेल्या टिपणांवरून सँडरसन यांनी 2009 ते 2013 या काळात अखेरचे तीन खंड पूर्ण केले. इथे मधली वाट लांबलेली आहे, पण मुक्काम खरा आहे; ‘रामा’च्या बाबतीत मुक्कामच चुकीचा निवडला गेला.

निराशेचा आरोप जिथे लागू होत नाही, असे एक उदाहरण देणे मला आवश्यक वाटते. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (1965) नंतरची ‘ड्यून मसाया’ (1969) अनेकांना आवडली नाही. पहिली कादंबरी ज्यांच्या मासिकात क्रमशः आली होती, त्या संपादक जॉन कॅम्पबेल यांनीही ती नाकारली. विजयी नायक आता आपल्याच नावाने चाललेल्या संहाराचा कैदी आहे, हे त्यांना नको होते. पण तो इशारा पहिल्या पुस्तकात पानोपानी आहे, आणि हर्बर्ट यांनी पुढच्या दोन पुस्तकांतले काही भाग पहिले पूर्ण होण्यापूर्वीच लिहिले होते. वाचकाने स्वतःच्या मनात रचलेला शेवट पुस्तकाने दिला नाही, तर तो पुस्तकाचा दोष ठरत नाही. माझ्या मते ‘ड्यून’ची खरी घसरण त्यानंतर, चौथ्या खंडात होते. तिथे साडेतीन हजार वर्षे राज्य केलेला सम्राट लांबलचक सूत्रवचनांत बोलत राहतो आणि वाळवंट जवळपास नाहीसे होते.

आणि उत्तर न देताही परत येता येते, हे उर्सुला के. ले ग्विन यांनी दाखवले आहे. ‘अर्थसी’ची पहिली तीन पुस्तके 1968, 1971 आणि 1972 ची; चौथे, ‘तेहानू’, 1990 मध्ये आले. अठरा वर्षांच्या खंडानंतर लेखिका त्याच बेटांवर परतते, पण आता जादूगार गेड आपली शक्ती गमावून बसलेला आहे. दुसऱ्या पुस्तकाची नायिका टेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे आणि तिने भाजून विद्रूप झालेल्या एका मुलीला पदराखाली घेतले आहे. पहिल्या तीन पुस्तकांत जे गृहीत धरले होते, म्हणजे विद्या पुरुषांची, शाळा पुरुषांची, सत्ताही पुरुषांचीच, त्याला हे पुस्तक थेट विचारते की असे का. ड्रॅगन, वारे आणि प्रवास यांच्या ओढीने आलेल्या वाचकांपैकी काही जण तेव्हा रागावले. मीही पहिल्या वाचनात बराच वेळ गेडच्या जुन्या सामर्थ्याची वाट पाहत राहिलो आणि ते परत येत नाही म्हणून खट्टू झालो. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात आले की या चौथ्या पुस्तकाने आधीच्या तिन्ही पुस्तकांतले एकही रहस्य स्वस्त केलेले नाही. उलट, पहिल्या पुस्तकातली गावातली चेटकीण, जी तिथे थोड्या उपेक्षेने येऊन जाते, तिच्याकडे मी आता थांबून पाहू लागलो.

‘रामा’ आता नव्याने घेणाऱ्याने पहिला खंड सुटा घ्यावा. चारही खंडांचा संच घेऊ नये. पहिला खंड वाचून झाल्यावर पुढे काय झाले हे जाणून घेण्याची ओढ लागेल, मलाही दोन्ही वेळा लागली. त्या ओढीने ‘रामा टू’ उघडण्यापूर्वी पहिल्याच खंडातले जिना उतरण्याचे प्रकरण पुन्हा वाचावे. आत काय आहे हे माहीत असूनही त्या काळोखात दर पायरीला पाय जड होत जातात.